शब्दखेळ, प्रश्न आणि उत्तरं : ‘इक्लेप्ट’ पटावर चालतो का?

स्क्रॅबल (अक्षरांच्या चौकोनी टाइल पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा आणि अक्षरांचे गुण मिळवायचा खेळ) याबद्दलचे या वेळचे बरेचसे प्रश्न ‘इक्लेप्ट’ या एकाच शब्दाच्या आसपासचे असल्यामुळे ते सलग घेतले आहेत. इंग्रजी स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी दिली आहेत, म्हणजे ‘झेड-ए-एक्स’ अशी.

प्रश्न : घरी स्क्रॅबल खेळताना भाच्यानं वाय-सी-एल-ई-पी-टी असा शब्द मांडला. शब्दात एकच स्वर, आणि सुरुवातीला वाय-सी अशी विचित्र जोडी. कोशात पाहिलं तर शब्द सापडला, पण पुढे ‘जुना, अप्रचलित’ असा शेरा होता. असा शब्द धरायचा की नाही? आणि तो उच्चारायचा कसा?

भाच्याला गुण द्या. हा शब्द स्क्रॅबलच्या दोन्ही प्रमुख यादींत आहे. अमेरिका-कॅनडात चालणाऱ्या यादीतही आणि बाकी बहुतेक जगात वापरल्या जाणाऱ्या कॉलिन्स या कोश-प्रकाशकाच्या यादीतही. उच्चार ‘इक्लेप्ट’, जोर दुसऱ्या भागावर, म्हणजे ‘क्लेप्ट’वर. अर्थ ‘म्हटलेला, नावाचा’. अमुक इक्लेप्ट तमुक, म्हणजे तमुक नावाचा अमुक.

तुमची अडचण शेऱ्यामुळे झाली आहे. कोशकार शेरा मारतो तो लिहिणाऱ्याला सावध करण्यासाठी, शब्द बाद करण्यासाठी नव्हे. स्क्रॅबलच्या मूळ नियमांत शब्द नाकारण्याची कारणं मोजकीच आहेत : कॅपिटल अक्षरानं सुरू होणारी नावं, संक्षेप, कोशानं परभाषेतले म्हणून वेगळे दाखवलेले शब्द, आणि अपॉस्ट्रॉफी किंवा हायफनशिवाय लिहिता न येणारे शब्द. ‘जुना’, ‘बोलीतला’, ‘काव्यातला’, ‘दुर्मीळ’ हे शेरे या कारणांत बसत नाहीत. ‘हा शब्द कुणी वापरत नाही’ हा युक्तिवाद पटावर टिकत नाही. तो टिकला असता तर निम्मी यादी गळाली असती.

गुण असे : वाय 4, सी 3, एल 1, ई 1, पी 3, टी 1. एकूण 13.

प्रश्न : या शब्दाच्या सुरुवातीचा वाय कुठून आला? ‘ये ओल्ड’ अशा पाट्यांवर दिसतो तोच का हा?

नाही. हा घोटाळा इतका पसरलेला आहे की आधी तोच निस्तरायला हवा.

‘ये ओल्ड’ मधला वाय हा मुळात वाय नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘थ’साठी ‘थॉर्न’ नावाचं एक अक्षर होतं. हस्तलिखितांमध्ये त्याचं वळण बदलत बदलत वायसारखं दिसू लागलं, आणि छापखाने आले तेव्हा साच्यांच्या पेटीत थॉर्न नसल्यामुळे जुळाऱ्यांनी त्याच्या जागी वाय बसवला. म्हणजे पाटीवरचा तो शब्द ‘द’ असाच वाचायचा. स्क्रॅबलमध्ये वाय-ई चालतो, पण तो या पाटीच्या जोरावर नव्हे. ‘तुम्ही’ या अर्थाचं ‘ये’ हे जुनं सर्वनाम वेगळंच आहे, आणि त्याचा वाय खरा आहे.

‘इक्लेप्ट’चा वाय आणखी तिसराच. प्राचीन इंग्रजीत ‘क्लिपियन’ किंवा ‘क्लेओपियन’ असं क्रियापद होतं : बोलणं, हाक मारणं, नाव घेणं. त्याच्या भूतकालवाचक धातुसाधिताला, म्हणजे ‘म्हटलेला’ या रूपाला, आधी जी-ई हा उपसर्ग लागत असे. जर्मन शिकलेल्यांना हा उपसर्ग लगेच ओळखू येईल. ‘गेमाख्ट’, ‘गेश्प्रोखन’ यांतला ‘गे’ तोच. जर्मन आणि डच भाषांनी तो आजवर सांभाळला. इंग्रजीत मात्र त्यातला ग आधीच मऊ होऊन ‘य’ झाला होता, म्हणजे लिहायचं जी-ई आणि म्हणायचं ‘ये’. पुढे ‘ये’चा नुसता ‘इ’ उरला आणि तो कधी आय, कधी वाय असा लिहिला जाऊ लागला. उत्तरेकडच्या बोलींतून तो लवकर गेला, दक्षिणेकडे बराच काळ टिकला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये लिहिणारा कवी चॉसर तो सोयीनं वापरतो : ओळीत एक मात्रा हवी असेल तर उपसर्ग घातला, नको असेल तर काढला. उपसर्गाला अर्थ उरला नव्हता, याचा याहून चांगला पुरावा नाही.

मूळ क्रियापदाचं काय झालं? त्याची जागा उत्तरेकडून आलेल्या ‘कॉल’नं घेतली. ‘कॉल’ हा स्कँडिनेव्हियन वसाहतकऱ्यांच्या भाषेतला ‘कल्ला’. शेक्सपिअरच्या काळापर्यंत ‘क्लेप’ जुनाट झाला होता, तरी नाटकांतून अधूनमधून डोकावतो. ‘इक्लेप्ट’ त्यानं ज्या पात्राच्या पत्रात घातला आहे ते पात्र शब्दांचा भपका मिरवणारं, हास्यास्पद ठरवलेलं आहे. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही हा शब्द ऐकून लोक हसतच होते. नंतर सतराव्या शतकात कवी मिल्टननं तो गंभीर कवितेत वापरला, आणि त्यापुढे तो मुख्यतः थट्टेखोर गद्यात राहिला.

मिल्टनचाच एक नमुना सांगण्यासारखा आहे. शेक्सपिअरवरच्या कवितेत त्यानं ‘ताऱ्यांकडे निर्देश करणारा’ अशा अर्थाच्या विशेषणाला हा वाय जोडला. उपसर्ग ‘केलेला’ या जातीच्या रूपांचा, आणि लावला ‘करणारा’ या जातीच्या रूपाला. व्याकरणाच्या दृष्टीनं ते बसत नाही. जुन्याचा आव आणताना थोर कवीचाही पाय घसरतो.

प्रश्न : मग हा उपसर्ग आजच्या इंग्रजीत कुठेच उरला नाही का?

उरला आहे, पण वेश पालटून. ‘इनफ’ या शब्दातला पहिला ई हा त्याच ‘गे’चा अवशेष; जर्मनमधला ‘गेनूग’ शेजारी ठेवून पाहा. ‘अवेअर’ आणि ‘अफोर्ड’ यांच्या सुरुवातीचा ए तिथूनच आला. सगळ्यांत छान लपला आहे तो ‘हँडिवर्क’मध्ये : ‘हँड’ आणि ‘वर्क’ यांच्यामधला आय म्हणजे हाच उपसर्ग. या शब्दाचे तुकडे ‘हँडी’ आणि ‘वर्क’ असे पाडतात ते चूक.

प्रश्न : स्पर्धेच्या तयारीत वाचलं की वाय-सी-एल-ए-डी एका यादीत चालतो आणि दुसरीत नाही. दोन्ही इंग्रजीच्याच याद्या, मग हा भेद का?

कारण याद्या भाषेतून थेट तयार झालेल्या नाहीत, त्या विशिष्ट कोशांतून तयार झाल्या. कोशांची आवड वेगळी, म्हणून याद्या वेगळ्या.

अमेरिकी यादीचा पाया 1978 साली घातला गेला. तिथे कसोटी अशी होती की शब्द पाच अमेरिकी कॉलेज-कोशांपैकी किमान एकात असला पाहिजे. कॉलेजच्या विद्यार्थ्यासाठीचा कोश जागा जपून वापरतो. ‘इक्लेप्ट’ अधूनमधून छापील मजकुरात भेटतो म्हणून त्याला जागा मिळाली. पण ‘इक्लॅड’, म्हणजे ‘ल्यालेला’, कशासाठी ठेवायचा?

ब्रिटनमध्ये स्पर्धेचा आधार होता एडिंबरोचा चेंबर्स कोश. त्यावरून 1988 मध्ये अधिकृत यादी छापली गेली. 2003 पासून ते काम कॉलिन्सकडे आलं, पण आधीचे शब्द कायम राहिले. आता चेंबर्सची खासियत लक्षात घ्या : शेक्सपिअर, मिल्टन आणि स्पेन्सर वाचणाऱ्याला अडेल तो शब्द कोशात असावा, असं त्या कोशाचं जुनं धोरण. यातला स्पेन्सर हा खेळाडूंचा खरा दाता. सोळाव्या शतकाच्या शेवटी लिहिणाऱ्या या कवीनं आपली दीर्घ काव्यं मुद्दाम जुनाट शब्दांनी नटवली. काही शब्द खरोखर जुने, काही त्यानं जुन्याच्या नमुन्यावर घडवलेले, काही तर गैरसमजातून जन्मलेले. प्राचीनांची नक्कल करता करता तो कुठलीच भाषा लिहीनासा झाला, अशी तक्रार पुढच्या पिढीतल्या बेन जॉन्सन या नाटककारानं केली होती. कोशानं मात्र सगळे शब्द इमानानं नोंदवले, आणि कोशावरून यादीनं उचलले.

म्हणून ‘इक्लॅड’बरोबर ‘इड्रॅड’ (वाय-डी-आर-ए-डी, ज्याची धास्ती वाटते असा), ‘इमोल्ट’ (वाय-एम-ओ-एल-टी, वितळलेला), ‘इरेंट’ (वाय-आर-ई-एन-टी, फाटलेला), ‘इरॅप्ट’ (वाय-आर-ए-पी-टी, तल्लीन) हे सगळे फक्त कॉलिन्सच्या यादीत मिळतात.

या पद्धतीचा विनोदी परिणामही पाहा. चॉसरच्या सर्वांत प्रसिद्ध काव्याच्या पहिल्याच वाक्यात ‘धावलेला’ या अर्थाचं वाय-आर-ओ-एन-एन-ई असं रूप आहे. अस्सल, वापरातलं, स्पेन्सरच्या दोनशे वर्षं आधीचं. ते कुठल्याच यादीत नाही. उलट कॉलिन्सच्या यादीत वाय-आर-एन-ई-एच आहे, जो दिसायला याच कुळातला वाटतो. प्रत्यक्षात तो विजेच्या शास्त्रातला एककाचा शब्द आहे : ‘हेन्री’ हे प्रेरकतेचं एकक उलटं लिहिलं, बस्स.

प्रश्न : ‘इक्लेप्ट’ला एस, आयएनजी वगैरे लावता येतं का? या शब्दाच्या आसपास आणखी काय मांडता येईल?

‘इक्लेप्ट’ला शेवटी काही लागत नाही. तो धातुसाधित विशेषण आहे, त्यामुळे एस लावून अनेकवचन होत नाही. सुरुवातीलाही काही लागत नाही. दोन्ही टोकं बंद.

खरी हालचाल त्याच्या मुळात आहे. सी-एल-ई-पी-ई, म्हणजे ‘क्लेप’, हे क्रियापद दोन्ही याद्यांत जिवंत आहे आणि त्याची रूपं नियमानं चालतात : शेवटी एस, डी, ई काढून आयएनजी, शिवाय सी-एल-ई-पी-टी हे दुसरं भूतकाळी रूप. उपसर्गासह सात अक्षरांचा वाय-सी-एल-ई-पी-ई-डी हाही दोन्हीकडे चालतो.

पटावर याचा फायदा असा. ‘क्लेप्ट’ किंवा ‘क्लेप्ड’ मांडला गेला असेल तर त्याच्या डोक्यावर वाय लावता येतो. म्हणजे उभ्या शब्दातला वाय त्या जागी आणून दोन्ही शब्दांचे गुण घ्यायचे. वाय टाइल फक्त दोन आहेत, त्यामुळे तुमच्या हातात एक असेल आणि दुसरी आधीच पटावर गेली असेल तर ‘क्लेप्ट’ मांडून ती जागा स्वतःसाठी राखून ठेवता येते. प्रतिस्पर्ध्याकडे ब्लँक (कुठल्याही अक्षराऐवजी चालणारी कोरी टाइल) असू शकतो हे तेवढं विसरू नका. एक वाय अजून पिशवीत असताना हाच डाव जुगार ठरतो.

कॉलिन्सच्या यादीनं खेळत असाल तर हीच युक्ती साध्या शब्दांवर चालते : ‘क्लॅड’, ‘रेंट’, ‘रॅप्ट’, ‘मोल्ट’ यांच्या आधी वाय. ‘रेंट’वर मागून एस, ई-डी लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पुढून वाय लागतो हे थोड्यांच्या लक्षात राहतं. मात्र यावरून नियम काढायला जाऊ नका. हा उपसर्ग स्क्रॅबलमध्ये मनाप्रमाणे लावण्याजोगा नाही. स्पेन्सरनं वापरला आणि कोशानं टिपला तेवढाच चालतो. जोड्या पाठच असाव्या लागतात. अंदाजानं मांडलेला वाय हमखास उचलावा लागतो.

प्रश्न : पहिल्याच चालीत ‘इक्लेप्ट’ हातात असेल तर कुठे ठेवावा?

आडवा मांडताना वाय डावीकडून चौथ्या घरात ठेवा. मधल्या ओळीत चौथ्या आणि बाराव्या घरावर डबल लेटर (त्या अक्षराचे गुण दुप्पट) आहे आणि आठव्या, म्हणजे मधल्या घरावर डबल वर्ड (सबंध शब्दाचे गुण दुप्पट). वाय चौथ्यावर, तर पी मधल्या घरावर येतो. वायचे 4 दुप्पट होऊन शब्द 17 चा, तो दुप्पट होऊन 34. तोच शब्द मधल्या घरापासून उजवीकडे मांडला तर पी बाराव्या घरावर पडतो आणि 32 होतात. टी बाराव्यावर नेलात तर फक्त 28. सहा गुणांचा फरक केवळ सरकवण्यानं पडतो, आणि घाईत हा फरक नेहमी हातचा जातो.

सात अक्षरी ‘इक्लेप्ड’ असेल तर वाय पुन्हा चौथ्या घरावर : 15 अधिक 4 म्हणजे 19, दुप्पट 38, आणि सातही टाइल लावल्याचे 50. एकूण 88.

या शब्दाचा एक गुण आकड्यांत दिसत नाही. दोन्ही टोकं बंद असल्यानं प्रतिस्पर्ध्याला एस लावून फुकटची चाल मिळत नाही. आघाडीवर असताना असे शब्द फार उपयोगी. आणि एकच स्वर लागत असल्यामुळे, रॅकवर (हातातल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर) व्यंजनांची गर्दी झाली की टाइल बदलण्याआधी ‘क्लेप्ट’ आणि ‘इक्लेप्ट’ एकदा डोळ्यांखालून घालावेत.

प्रश्न : ‘झॅक्स’ हाही जुना इंग्रजी शब्द आहे असं ऐकलं. खरं का?

खरं, आणि व्यवहारात ‘इक्लेप्ट’पेक्षा कितीतरी जास्त कामाचा. झेड-ए-एक्स हे छपरावरच्या स्लेट पाट्या कापण्याचं हत्यार. एका बाजूला पातं, पाठीमागे अणकुचीदार सुळा. पात्यानं पाटी कडेनं तासायची, सुळ्यानं खिळ्यासाठी भोक पाडायचं. मूळ प्राचीन इंग्रजी ‘सेअक्स’, म्हणजे सुरा. सॅक्सन लोकांचं नाव याच सुऱ्यावरून पडलं असं सामान्यतः मानतात, आणि एसेक्स परगण्याच्या चिन्हावर असे तीन सुरे आजही आहेत.

एसचा झेड कसा झाला? नैर्ऋत्य इंग्लंडच्या बोलीत शब्दारंभीचा स हा झ होतो आणि फ हा व होतो. ही खोड प्रमाण इंग्रजीतही शिरली आहे : ‘फॉक्स’ची मादी ‘व्हिक्सन’, आणि ‘व्हॅट’, ‘व्हेन’ हे शब्द पूर्वी एफनं सुरू होत.

गुण 19, पहिल्या चालीत 38. अनेकवचन झेड-ए-एक्स-ई-एस. क्रियापद म्हणून रूपं नाहीत, ई-डी लावू नका. झेड-ए-एक्स दोन्ही याद्यांत आहे. झेड-ई-एक्स हे त्याचं भावंड मात्र फक्त कॉलिन्समध्ये.

प्रश्न : जुन्या अक्षरांची नावं शब्द म्हणून चालतात का?

चालतात, कारण ती सामान्यनामं आहेत. ई-टी-एच आणि ई-डी-एच ही एकाच अक्षराची दोन नावं. डब्ल्यू-वाय-एन आणि डब्ल्यू-वाय-एन-एन हे ‘व’ ध्वनीच्या रूनचं (प्राचीन जर्मानिक लिपीतल्या अक्षराचं) नाव. रॅकवर एकही ‘सरळ’ स्वर नसताना हे सुटका करतात. वाय-ओ-जी-एच हे मध्यकालीन अक्षर, गुण 11. सगळ्यांना एस लागतो. थॉर्न तर काटा म्हणून चालतोच.

सी-डब्ल्यू-एम यांच्यात अनेकदा धरला जातो, पण तो वेल्श आहे. डोंगरातली खोलगट दरी असा अर्थ, आणि वेल्शमध्ये डब्ल्यू हाच स्वर. शब्द दोन्हीकडे चालतो, फक्त कूळ वेगळं.

प्रश्न : ‘हाइट’ (एच-आय-जी-एच-टी) आणि ‘इक्लेप्ट’ यांचा अर्थ एकच आहे का?

जवळजवळ. ‘हाइट’ म्हणजेही ‘नावाचा’. त्याचं मूळ प्राचीन इंग्रजी ‘हातन’, जर्मनमधल्या ‘हायसन’चं सख्खं भावंड. गंमत म्हणजे ‘असणे’चं रूप जोडीला न घेता कर्मणी अर्थ देणारा हा इंग्रजीतला अगदी शेवटचा अवशेष. शब्द 12 गुणांचा, दोन्ही याद्यांत आहे आणि त्याला एसही लागतो.

प्रश्न : जुन्या नाटकांतली ‘टिज’, ‘ट्वॉज’, ‘गोएथ’ अशी रूपं मुलं सर्रास मांडतात. कुठली धरावीत?

इथे अंतर्ज्ञान उपयोगाचं नाही, कारण बरोबर उत्तर कधी कधी चुकीच्या कारणानं येतं.

‘इट इज’चं जुनं लघुरूप अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहिता येत नाही, म्हणून ते बाद. पण टी-आय-एस पटावर चालतो : ‘टी-आय’ हा सरगमातला स्वर, त्याचं अनेकवचन. तसंच टी-डब्ल्यू-ए-एस. ‘इट वॉज’ म्हणून नाही, तर ‘दोन’ या अर्थाच्या स्कॉटिश टी-डब्ल्यू-ए या शब्दाचं अनेकवचन म्हणून. टी-डब्ल्यू-आय-एल-एल चालतो तो विणीचा एक प्रकार म्हणून. मुलानं नाटक आठवून मांडला असला तरी गुण द्यावेच लागतात. मांडणाऱ्याला अर्थ माहीत असला पाहिजे अशी अट नाही.

ई-टी-एच हा शेवट लावून मनाप्रमाणे क्रियापदं करता येत नाहीत. डी-ओ-टी-एच, डी-ओ-ई-टी-एच, एच-ए-टी-एच, एस-ए-आय-टी-एच हे नोंदवलेले आहेत म्हणून चालतात. जी-ओ-ई-टी-एच चालत नाही. त्यालाच आय-टी-ई जोडून होणारं खनिजाचं नाव मात्र चालतं, आणि ते जर्मन कवी ग्योथंच्या नावावरून पडलेलं आहे.

प्रश्न : शब्दावर शंका आली तर चॅलेंज नेमका कसा करायचा? घरी यावरून वाद होतात.

वाद होतात ते बहुतेक वेळा यादी आधी ठरवलेली नसते म्हणून. पहिली टाइल काढण्यापूर्वी ठरवा : कॉलिन्स की अमेरिकी, आणि छापील की अ‍ॅप. फोनवर जो कोश उघडेल तो प्रमाण, असं धरलं तर खेळाच्या मध्यात नियम बदलतात. अमेरिकी घरगुती आवृत्तीबद्दल एक लक्षात असू द्या : ती मूळ शब्द आठ अक्षरांपर्यंतचेच देते. त्याहून लांब मूळ शब्द तिथे नसला तर तो चूक ठरत नाही, दुसरीकडे पाहावा लागतो.

चॅलेंज फक्त नुकत्याच झालेल्या चालीवर. समोरच्यानं शब्द मांडून गुण सांगितले की विचारासाठी ‘होल्ड’ म्हणा, म्हणजे तो नव्या टाइल काढायला घाई करणार नाही. मग एक तर स्वीकारा, नाही तर चॅलेंज करा. तुम्ही पुढची चाल केलीत की आधीचा शब्द बनावट असला तरी पटावर कायम, आणि त्याला जोडून झालेली चालही त्यावर उभी राहते. चॅलेंज खरा ठरला तर मांडणारा टाइल परत उचलतो, गुण शून्य आणि पाळी गेली.

चॅलेंज खोटा ठरला तर काय, हे प्रदेशागणिक बदलतं. अमेरिका-कॅनडाच्या स्पर्धांत चॅलेंज करणाऱ्याची पाळी जाते. अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दर शब्दामागे 5 गुणांचा दंड असतो. काही ठिकाणी दंडच नसतो. त्यावर डावपेच अवलंबून राहतात. पाळी जाणार असेल तर ‘इक्लेप्ट’सारखा शब्द बिनधास्त मांडणाऱ्याला धाक दाखवता येतो; दंड नसेल तर समोरचा प्रत्येक अनोळखी शब्द तपासून घेणारच.

एकाच चालीत तीन शब्द तयार झाले असतील तर कोणकोणते तपासायचे ते स्पष्ट सांगा. स्पर्धेतलं निवाड्याचं यंत्र ‘चाल ग्राह्य’ किंवा ‘अग्राह्य’ एवढंच सांगतं. चुकलेला शब्द कोणता, अर्थ काय, हे ते सांगत नाही. म्हणून मुख्य शब्दाची खात्री आहे आणि शंका आडव्या दोन अक्षरी शब्दाची आहे, असं असेल तर त्या दोन अक्षरी शब्दाचंच नाव घ्या. दर शब्दामागे दंड असेल तिथे यानं गुण वाचतात.

प्रश्न : मुलीला असे शब्द पाठ करायचे आहेत. ‘इक्लेप्ट’पासून सुरुवात करावी का?

नको. सहा विशिष्ट टाइल हातात येण्याचा योग फार क्वचित, कारण वाय, सी आणि पी प्रत्येकी दोनच आहेत. आधी दोन अक्षरी शब्द : अमेरिकी यादीत 107, कॉलिन्समध्ये 127. मग झेड, एक्स, जे आणि क्यू यांचे तीन अक्षरी, त्यात ‘झॅक्स’ येईलच. त्यानंतर ‘क्लेप’ आणि त्याची रूपं घ्यावीत, आणि कॉलिन्सनं खेळायचं असेल तरच वायच्या त्या चार जोड्या.